भाव, स्वभाव आणि आजार



मुंबईकडे कोणी विचित्र बोलला, की लोक हसून म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ पुण्याकडे येरवड्याचे नाव घेतात, वऱ्हाडात नागपूरचे. या गावांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही. तिथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. सव्वाशे वर्षे होत आली, तरी त्याचे नाव आपल्या तोंडी उपचाराची जागा म्हणून येत नाही, शिवी म्हणून येते.

आपल्या बैठकांत भावाची चर्चा होते. उत्पादनखर्च, निर्यातबंदी, कर्ज, वीजबिल यांवर आपला साधा कार्यकर्तासुद्धा तासभर बोलू शकतो. पण बैठकीला नेमाने येणारा एखादा भाऊ चार महिने दिसला नाही, घराबाहेरच पडत नाही असे कळले, तर आपण काय म्हणतो? ‘त्याचा स्वभावच तसा.’ नाहीतर ‘त्याला बाहेरचे काहीतरी झाले.’ तिसरे उत्तर आपल्याजवळ नसते. आजार हे ते तिसरे उत्तर आहे. संघटनेच्या माणसाने ते का शिकले पाहिजे, ते इथे मांडतो.

कल्याण जंक्शन

ठाणे कुठे आणि आपली पऱ्हाटी कुठे, असे कोणी विचारील. रेल्वेचा नकाशा पाहा. नागपूर, वर्धा, अकोल्याकडून येणारी विदर्भ एक्स्प्रेस असो, की नांदेड, परभणी, जालन्याकडून येणारी देवगिरी असो, मुंबईत शिरण्याआधी ती कल्याणला पोचते. सोलापूर-पुण्याचा मार्गही तिथेच येऊन मिळतो. कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातून पोटासाठी निघालेली आपली पोरे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगरच्या चाळींतून राहतात. एका खोलीत सहा-सात जण, रात्रपाळी, अर्धवट झोप, आणि गावाकडे पैसे पाठवायची घाई.

स्किझोफ्रेनिया नावाचा जो मोठा मानसिक आजार आहे, तो बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिशीपर्यंत डोके वर काढतो. पोराने गाव सोडण्याचे वयही तेच. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागतात. सोबतचे आपल्या जेवणात काही कालवतात, असा संशय येतो. तो काम सोडतो, अंघोळ सोडतो, एक दिवस खोली सोडतो. गावी निरोप जातो, ‘पोरगा बिघडला, शहर लागले त्याला.’ तोवर सहा महिने गेलेले असतात.

काही जण उलट्या दिशेने येतात. मन ताळ्यावर नसलेला माणूस गावाकडे मिळेल त्या गाडीत चढतो आणि जिथे गाडी रिकामी होते तिथे उतरतो. घरच्यांनीच गाडीत बसवून दिल्याचीही उदाहरणे आहेत. मग तो फलाटावर, पुलाखाली, उकिरड्याजवळ दिसतो. जटा वाढलेल्या, अंगावर चिंध्या. आपण नाणे टाकतो आणि पुढे जातो.

कल्याणहून पुण्याच्या बाजूला कर्जत आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेल्या श्रद्धा संस्थेचे केंद्र तिथे आहे. रस्त्यावरच्या अशा माणसांना ते उचलून नेतात, न्हाऊमाखू घालतात, औषध सुरू करतात. काही आठवड्यांनी त्यातले अनेक जण आपले नाव, गाव, तालुका सांगू लागतात. मग संस्थेची माणसे त्यांना घरापर्यंत पोचवतात. अशी हजारो माणसे देशभरातल्या घरी परत गेली. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्याला आपण ‘कामातून गेलेला’ म्हणतो, त्याच्या आतले गाव शाबूत असते. आजाराने ते झाकलेले असते इतकेच. आणि दुसरी गोष्ट लाजेची. मनोरुग्णालयांत बरी झालेली कितीतरी माणसे केवळ घरचे न्यायला येत नाहीत म्हणून पडून असतात. भरती करताना दिलेला पत्ता खोटा निघतो. पत्र पाठवले तर उत्तर येत नाही. ठाण्याला शिवी आपण दिली आणि माणूसही आपणच तिथे टाकला.

लाल्या आणि रोग

कापसाचे पान लाल पडले, की कृषी केंद्रवाला लगेच एक बाटली काढून देतो. पण पान लाल पडायची कारणे अनेक. तुडतुड्यांनी रस शोषला तरी ते लाल होते, मॅग्नेशियम कमी पडले तरी होते, रात्रीचा गारठा वाढला किंवा मुळाशी पाणी साचले तरी होते. दिसते सारखे, उपाय वेगळा. जाणता शेतकरी आधी पान उलटून पाहतो. मनाच्या बाबतीत आपण पान उलटून पाहतच नाही. सगळ्याला एकच शब्द वापरतो: वेड.

मनाचे आजार अनेक प्रकारचे आहेत. सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक म्हणजे नैराश्य, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. पीक बुडाल्यावर माणूस चार दिवस उदास असतो, तो आजार नव्हे. पण दोन आठवडे उलटले, झोप पहाटे मोडते, भाकरी गोड लागत नाही, बैलाच्या अंगावरून हात फिरवावासा वाटत नाही, डवरा धरायला अंगात जोर नाही, आपण घराला भार झालो असे सारखे वाटते, तर तो आजार समजावा. त्यावर औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत.

दुसरा स्किझोफ्रेनिया. तो शंभरात एकापेक्षा थोड्या कमी लोकांना होतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात दहा-पंधरा जणांना आयुष्यात कधी ना कधी होऊ शकतो. तिसरा दोन टोकांचा आजार. काही आठवडे माणूस रात्रभर जागा, बोलणे थांबत नाही, बाजारात जाऊन नको ते विकत घेतो, असलेली बैलजोडी फुंकून टाकतो, आणि पुढे तोच माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो. घरचे म्हणतात, माजला होता, आता उतरला. ते तसे नसते. एकाच आजाराच्या त्या दोन बाजू आहेत. चौथे व्यसन. दारू सोडता न येणे हाही आजारच आहे. म्हणूनच १९८६ साली अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात.

हे सारे आजार बाहेरच्या बाधेने होत नाहीत. मेंदूचे काम, घराण्यातला वारसा आणि आयुष्यात बसलेले घाव यांचा तो मेळ असतो. भानामती म्हणून माणसाला खांबाला बांधणे, फटके मारणे, धुरी देणे यांवर महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. आतले मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. पळता न आल्यामुळे २८ जणांचा जीव गेला. नवस ज्याला फेडायचा त्याने फेडावा, पण गोळी बंद करू नये आणि साखळी बांधू नये.

स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण रोज वापरतो. तिचा निम्मा भाग चुकीचा आहे, कारण ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा वर सांगितलेल्यांपैकी एखादा आजार असतो. हसतमुख माणूस सहा महिन्यांत घुमा झाला, तर तो स्वभाव कसा? स्वभाव लहानपणापासून असतो. बदल झाला असेल तर आजार शोधायचा, ही साधी खूण लक्षात ठेवा.

पण म्हणीचा दुसरा निम्मा भाग विचार करण्याजोगा आहे. काही माणसांची घडणच अशी असते, की त्यामुळे ती स्वतःही जळतात आणि जवळच्यांनाही जाळतात. वयात येताना ही घडण दिसू लागते आणि घर, शेत, भाऊबंद, नोकरी, सगळीकडे तशीच राहते. याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. डॉक्टर त्याचे ढोबळमानाने तीन गट करतात. पहिल्यात संशयी आणि एकलकोंडी माणसे: सख्ख्या भावाने बांधावर दगड ठेवला तरी त्यात डाव पाहणारी. दुसऱ्यात भावनेच्या भरात वाहणारी: आज ज्याला देव मानले त्याला उद्या वैरी ठरवणारी, सोडून जातील या भीतीने कासावीस होणारी, स्वतःला इजा करून घेणारी, दुसऱ्याच्या दुःखाचे काहीच न वाटणारी माणसेही याच गटात येतात. तिसऱ्यात भित्री, परावलंबी, किंवा सगळे माझ्याच मापाने झाले पाहिजे म्हणून अडून बसणारी.

हे वाचताना प्रत्येकाला आपला एखादा भाऊबंद आठवला असेल. इथेच सावध राहायचे. तापट असणे हा विकार नव्हे, हट्टी असणे हाही नव्हे. हट्टी माणसे नसती तर संघटनाच उभी राहिली नसती. त्या घडणीमुळे माणसाचे जगणे वर्षानुवर्षे मोडत असेल, तेव्हाच तो विकार, आणि ते ठरवायचे काम जाणत्या डॉक्टरचे. चावडीवर बसून कोणाच्या सुनेला असे लेबल लावायचे नाही. सून नांदवायची नसली, तिचा वाटा द्यायचा नसला, की ‘ती वेडी आहे’ म्हणून माहेरी पाठवतात, हे आपल्या मायबहिणींना चांगले माहीत आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखोंच्या संख्येने जमून स्त्रियांनी जो प्रश्न मांडला, त्यात हाही येतो. वेडी ठरवलेल्या बाईचे कोणी ऐकत नाही. तिला मार बसला तरी ऐकत नाही.

मग या घडणीला औषध आहे का? थेट गोळी फारशी नाही. सोबत नैराश्य किंवा झोपेची तक्रार असेल तर त्यापुरती गोळी देतात. खरा उपाय बोलण्याचा, म्हणजे शिकलेल्या माणसासोबत नेमाने बसून आपल्या विचाराची आणि रागाची रीत बदलायची. अमेरिकेतल्या मार्शा लिनहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी भावनेच्या भरात वाहणाऱ्या गटासाठी अशी एक उपचारपद्धती तयार केली. २०११ साली त्यांनी स्वतःच जाहीर केले, की तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, तिथे बोलण्याचे उपचार होतात. ज्या गावाचे नाव आपण शिवी म्हणून घेतो, तिथे हेही काम चालते. वेळ लागतो, पण अशी अनेक माणसे वय वाढते तशी सावरतात. ‘औषध नाही’ म्हणून सोडून दिलेल्यांना मात्र ती संधी मिळत नाही.

भार आणि आख

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण मानसिक आजाराबद्दल बोलायला कचरतो, त्याला एक राजकीय कारण आहे.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. त्यानंतर या मुलखात किती घरे उजाडली ते सांगायला नको. सरकारने काय केले? २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरवली आणि सोबत अटी लावल्या. जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे. अटीत बसला तर ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’. दारू होती, घरात भांडण होते, डोक्याचा आजार होता, असे एखादे वाक्य कागदावर आले की मरण सरकारच्या खात्यातून वजा होते. धोरणाचा दोष माणसाच्या डोक्यात ढकलायची ही युक्ती आहे. म्हणून आपण बजावून सांगितले, की हा आजार नव्हे, हे कर्ज आहे, भावाची लूट आहे.

ते खरेच होते आणि आजही खरे आहे. पण ‘आजार नव्हे’ हे आपण इतक्या वेळा म्हणालो, की समोर आजारी माणूस बसलेला असला तरी तो आपल्याला दिसेनासा झाला.

दोन बैलगाड्या एकाच भाराने एकाच खाचखळग्याच्या वाटेने निघाल्या. एकीचा आख मोडला, दुसरीचा टिकला. सरकार म्हणते, आखच कमजोर होता, आमच्या रस्त्याचा काय संबंध? ही लबाडी आहे. आपण म्हणतो, दोष फक्त भाराचा. हेही अपुरे आहे. भार उतरवलाच पाहिजे, त्यासाठीच चळवळ आहे. पण मोडलेला आख भार उतरवल्याने आपोआप जुळत नाही, त्याला कारागिराकडेच न्यावे लागते. कर्जमाफीचा कागद हातात आल्यानंतरही अंथरुणातून न उठलेला माणूस गावोगाव सापडेल. त्याचे कर्ज फिटले, आजार राहिला. आणि ज्याला नैराश्य आहे त्याला कर्ज दुप्पट दिसते, वाट एकही दिसत नाही. भाव मागायला मोर्चात यायचे तर माणूस आधी जिवंत आणि उभा असला पाहिजे.

अमरावतीची तीस गावे

‘खेड्यात कुठून आणायचा मनाचा डॉक्टर?’ हा प्रश्न रास्त आहे. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा. चारही इंग्रजी अमलात उभी राहिली. या चारांतले एकही मराठवाड्यात नाही. २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेला नव्हता.

पण अमरावती जिल्ह्यातल्या कापसाच्या तीस गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने वेगळी वाट धरली. गावातल्याच माणसांना शिकवले. त्यांनी घरोघर जाऊन लक्षणे ओळखली, धीर दिला, बसून बोलले, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार जण मदत घेत होते. नंतर ते प्रमाण सत्तावीसवर गेले. वर्षभरात जीव नकोसा झाल्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरी पाचावरून अडीचवर आले. हे काम शेजारच्या माणसांनी केले. संघटनेजवळ शेजारची माणसे सोडून दुसरे आहे तरी काय?

त्यासाठी फार शिकावे लागत नाही. घरी जाऊन आधी पिकाचे, मग झोपेचे विचारा. ‘भाऊ, झोप लागते का? जेवण जाते का?’ उत्तर अडखळले तर सरळ विचारा, ‘जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मनावरचा दगड हलतो. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.

बैठकीपुढचा ठराव

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याने प्रत्येकाला सरकारी उपचाराचा हक्क दिला. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा, असे त्यात लिहिले आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे मानावे, असेही म्हटले आहे. ही भीक नव्हे, लिहून दिलेला हक्क आहे. आपण हमीचे कागद वाचतो, तसा हाही वाचला पाहिजे.

जिल्हा बैठकीने चार गोष्टींचा ठराव करावा, अशी विनंती आहे.

एक, प्रत्येक तालुक्याच्या शाखेने ग्रामीण रुग्णालयात जाऊन मनोविकारांची औषधे आहेत का आणि मनाचा डॉक्टर कोणत्या वारी येतो, ते विचारावे आणि उत्तर गावागावांत फलकावर लिहावे. औषध नसेल तर तेही लिहावे आणि ज्या जोराने खरेदी केंद्रासाठी भांडतो त्याच जोराने भांडावे.

दोन, प्रत्येक गावशाखेत दोन माणसे, त्यांत एक स्त्री, घरोघर झोपेची आणि जेवणाची विचारपूस करण्यासाठी नेमावीत. त्यांनी ऐकलेले चावडीवर येता कामा नये.

तीन, आपल्या गावचे कोणी मनोरुग्णालयात असेल, कोणी बेपत्ता असेल, तर त्याचा तपास शाखेने लावावा. बरा झालेल्याला आणायला घरचे जायला धजत नसतील, तर शाखेची दोन माणसे त्यांच्यासोबत जावीत.

चार, आपल्या बैठकीत, भाषणात, भांडणात कोणालाही ‘ठाण्याला पाठवा’ म्हणायचे नाही.

पहिले तीन ठराव अमलात आणायला वर्ष लागेल. चौथा आजच्या बैठकीपासूनच पाळता येईल.